पाच नंबरचं नाव

सिद्धेश्वरी बिराजदार मॅडमच्या नाकावर राग असतो, असं नर्सिंगच्या मुली म्हणतात. ते खरं नाही. नाकावर असता तर एखाद्या शिंकेसरशी उडून तरी गेला असता. मॅडमचा राग लोणच्यासारखा मुरलेला आहे, आणि तो एकाच गोष्टीवर आहे. दवाखान्यात माणसाला नंबरानं हाक मारतात, या गोष्टीवर.

"पाच नंबरला सलाईन लाव गं!" "नऊ नंबर उलटी करतोय!" "बारा नंबरचे नातेवाईक कुठं उलथले?" शुक्रवार पेठेतल्या घरातून निघून मॅडम त्या ट्रस्टच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या, की हे कानावर पडायला सुरुवात होते. बारा नंबरला आई-बापानं बारसं करून नाव ठेवलंय, घुगऱ्या वाटल्यात, कानात कुर्र केलंय, याची कुणाला फिकीर नाही. मॅडमनी हे पुष्कळदा बोलून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दवाखान्याला जोडलेल्या नर्सिंग शाळेत मॅडम दुसऱ्या वर्षाच्या मुलींना औषधशास्त्र शिकवतात. औषध देण्याचे पाच नियम मुलींना इतके पाठ आहेत की झोपेतून उठवलं तरी म्हणतील. "राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस, राइट रूट, राइट टाइम!" सगळा वर्ग एका सुरात, बे एके बे म्हटल्यासारखा. पहिल्या वर्षी शिकवायला लागल्या तेव्हा मॅडमना तो सूर ऐकून बरं वाटायचं. आता त्यांना तो सूर ऐकला की खडू फेकून मारावासा वाटतो.

"पाठ झालंय, ठीक आहे," त्या म्हणतात. "पण योग्य पेशंट म्हणजे कोण, हे कसं ओळखणार?"

"नाव विचारून, मॅडम!"

"कसं विचारणार?"

"तुम्ही शंकरप्पा ना, असं विचारून!"

इथं मॅडम कपाळावर हात मारतात. शंकरप्पा हे त्यांच्या वळसंगच्या काकांचं नाव. काकांना ऐकू कमी यायचं आणि माणूस भिडस्त. समोरचा शिकलेला दिसला, की तो काय म्हणेल त्याला "व्हय" म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक. गावात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. तिथल्या नर्सबाईंनी पुकारलं, "सिद्धलिंगप्पा?" काका म्हणाले, "व्हय." झालं. सिद्धलिंगप्पाचा चष्मा काकांच्या नाकावर बसला आणि काकांनी तो मरेपर्यंत वापरला. दिसत काही नव्हतं, पण सरकारनं दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? घरात सगळे या गोष्टीवर हसायचे. मॅडमना कधी हसू आलं नाही. काका त्याच चष्म्यानं बांधावरून चालायचे आणि दर पावसाळ्यात कुठंतरी पडायचे.

"तर नाव आपण सांगायचं नाही," मॅडम वर्गाला सांगतात. "त्याच्या तोंडून काढून घ्यायचं. 'तुमचं नाव काय?' एवढं विचारायचं आणि गप्प उभं राहायचं." फळ्यावर त्या हा प्रश्न मराठीत लिहितात, मग कानडीत 'निम्म हेसरेनु', मग तेलुगूत 'मी पेरेंटी', मग हिंदीत 'नाम क्या है तुम्हारा'. सोलापुरात राहायचं तर एका भाषेवर भागत नाही. मुली चारही ओळी वहीत उतरवून घेतात आणि वॉर्डात जाऊन विचारतात, "पाच नंबर कोण आहे?"

आणि पेशंट बोलण्याच्या अवस्थेत नसला तर बायकोला विचारायचं. इथं दुसरी भानगड. आपल्याकडची बाई शेतात नांगर धरेल, पंचायतीत सरपंच होईल, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटलं की पदर तोंडात. "त्येंचं नाव? आता कसं सांगू बाई! सोमवारचा देव न्हाय का, त्येच की!" सोमवारचा देव म्हणजे शंकर, शिवानंद, मल्लिनाथ, वीरभद्र, कोणीही. सोलापुरात निम्मा वॉर्ड सोमवारचाच असतो. शेवटी मॅडमनी एक तोडगा काढला. नाव सांगत नसेल तर तिला उखाणा घ्यायला लावायचा. नुसतं नाव घ्यायला जीभ अडते, उखाण्यात ती अडत नाही. पाप लागत नाही आणि काम होतं.

हे कळल्यावर वॉर्डाच्या म्हेत्रे सिस्टर आठवडाभर हसत होत्या. "मॅडम, वाण काय लुटायचं? स्टीलच्या वाट्या आणू का?" म्हेत्रे सिस्टर वाईट बाई नव्हेत. हात सफाईचा, शीर अंधारातसुद्धा सापडेल. पण वॉर्ड भरलेला, माणसं कमी, आणि नंबर सोपा पडतो. त्यांचं म्हणणं एकच, "खाट काय उठून चालायला लागती का?"

पेशंटच्या मनगटाला नावाची पट्टी बांधा, म्हणून मॅडम दरवर्षी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे जायच्या. साहेब दरवर्षी "पुढच्या बजेटला बघू" म्हणायचे. चहा मात्र पाजायचे.

या सगळ्या मुलींत करमाळ्याची रेश्मा एक वेगळीच. हुशार म्हणावी तर नाही. फार संथ. बाटलीवरचं लेबल एकदा कपाटातून काढताना वाचेल, एकदा औषध भरताना वाचेल, एकदा ठेवताना वाचेल. तसं करायला मॅडमनीच शिकवलेलं, पण बाकीच्या मुली तिला गोगलगाय म्हणायच्या आणि म्हेत्रे सिस्टर तर तिला बघितल्यावर घड्याळच बघायच्या. तिच्या वडिलांनी तिला सोलापूरला पाठवतानाच अट घातली होती. शाळेतून एक तक्रार घरी आली, की शिक्षण बंद आणि लग्न. स्थळ बघूनच ठेवलं होतं. हे तिनं मॅडमना एकदा सांगितलं होतं, रडत नाही, असंच, टॉवेल घड्या घालता घालता.

जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वरांच्या यात्रेचा पहिला दिवस, यण्णीमज्जनाचा, म्हणजे लिंगांना तेलाचा अभिषेक करण्याचा. नंदीध्वजांच्या उंच काठ्या शहरातल्या अडुसष्ट लिंगांच्या भेटीला निघालेल्या आणि मिरवणूक दवाखान्याच्या खालच्या रस्त्यानं जाणार. सकाळपासून वॉर्डाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्यातच मुलींच्या ड्यूट्या त्याच दिवशी बदललेल्या. रेश्मा पुरुषांच्या वॉर्डात पहिल्यांदाच आलेली, कुणाचं तोंड ओळखीचं नाही.

पाच नंबरच्या खाटेवर वीरभद्रप्पा होते. साखर वाढलेली, पायाची जखम भरत नव्हती. जेवणाआधी त्यांची साखर तपासली, भरपूर निघाली, कागदावर लिहिली, कागद खाटेला अडकवला. इन्सुलिन द्यायचं ठरलं. इथपर्यंत सगळं बरोबर.

तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली. वीरभद्रप्पा उठून बसले. तरणेपणी त्यांनी नंदीध्वजाची काठी पेललेली. बाराबंदी घालून, कमरेला पट्टा बांधून, ते एवढं उंच ओझं तोलत सगळ्या गावातून चाललेले. यंदा खाटेवर. म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. पाच नंबरची खाट कोपऱ्यात, खिडकी नऊ नंबरच्या उशाशी. त्यांचा मुलगा शिवानंद नऊ नंबरकडे गेला आणि हात जोडले.

नऊ नंबरवर मंगळवेढ्याकडचे कोंडीबा होते. सतत उलट्या होत होत्या म्हणून दुर्बिणीनं तपासणी करायची होती आणि त्यासाठी आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेलं. उलटीच्या इंजेक्शननं डोळ्यांवर झापड. साखरेचा त्यांना आजार नाही, साखर त्यांनी फक्त चहात बघितलेली. त्यांच्याजवळ त्यांची बायको वच्छलाबाई बसलेली.

"देवाचं काम हाय, न्हाय कशाला म्हणायचं?" वच्छलाबाई म्हणाली. "घडीभर तितं निजतील की."

शिवानंदनं आणि त्याच्या भावानं कोंडीबांना धरून पाच नंबरवर निजवलं, वीरभद्रप्पांना खिडकीशी आणलं. कुणाला सांगायचं असतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. देवाच्या कामाला परवानगी कसली! कागद मात्र जिथल्या तिथं अडकलेले राहिले. खाटा चालायला लागल्या नव्हत्या, माणसं चालली होती.

रेश्मा इन्सुलिन भरून पाच नंबरपाशी आली. कागद वाचला. औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर.

"आजोबा, तुमचं नाव काय?"

"व्हय," कोंडीबा डोळे न उघडता म्हणाले.

"नाव काय तुमचं?"

"व्हय, व्हय."

तिनं वच्छलाबाईला विचारलं. वच्छलाबाईनं पदर ओढला. "नाव कसं घिऊ बाई? त्या कागुदावर लिवलं असंल की."

कागदावर वीरभद्रप्पाच लिहिलेलं होतं. वच्छलाबाईला वाचता येत नव्हतं. सुई टोचायची म्हणतात तर टोचू दे, दवाखान्यातल्या बाईला ठाऊक नसेल तर कुणाला, असा तिचा साधा हिशोब.

रेश्मा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

"अगं, झालं का पाच नंबरचं?" म्हेत्रे सिस्टर दुसऱ्या टोकाकडून ओरडल्या. "जेवणाची गाडी आली!"

"सिस्टर, नाव सांगत न्हाईत."

"कागद हातात आहे ना? मग आता पत्रिका बघणार का त्यांची?"

इन्सुलिन दोघींनी बघितल्याशिवाय द्यायचं नाही, हाही मॅडमचाच नियम. तेव्हा रेश्मा मॅडमची वाट बघत राहिली. मॅडम त्या वेळी मोठ्या साहेबांच्या खोलीतून बाहेर पडत होत्या. मनगटाच्या पट्ट्यांचं विचारायला गेल्या होत्या. साहेबांनी तिळगूळ दिला आणि पुढच्या बजेटला बघू म्हणाले. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. जिना चढून वॉर्डात आल्या तर खाली हलगी, वर आरडाओरडा, जेवणाची गाडी अडलेली, म्हेत्रे सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या, "बघा तुमची गोगलगाय!", आणि मधोमध ही पोर ट्रे घेऊन, जशी काही खांबाला बांधलेली.

"काय झालं आता?" मॅडम खेकसल्या.

"इन्सुलिन, मॅडम. बघायला पायजे तुम्ही."

मॅडमनी बाटली बघितली, सिरिंजमधली मात्रा उजेडात धरून बघितली. मग खाटेकडे मान वळवली. "पाच नंबर ना?"

"व्हय, पण..."

"कागद पाच नंबरचाच आहे. साखर वाढलेली आहे. दे."

आणि त्या वळल्यासुद्धा. दोन पावलं गेल्या असतील. ट्रेचा आवाज आला नाही, झाकण काढल्याचा आवाज आला नाही. त्यांनी मागे बघितलं. रेश्मा तिथंच. मान खाली, कान लाल झालेले, पण हात जागचा हलला नव्हता.

"मी दे म्हटलं ना?"

"मॅडम," रेश्मा म्हणाली, "नाव कुणीच सांगितलं न्हाय अजून."

मॅडमना इतका संताप आला की क्षणभर दिसेना. या पोरीची हिंमत! भर वॉर्डात, म्हेत्रेसमोर! तोंड उघडलं, आणि उघडल्यावर त्यांना आपलंच मघाचं वाक्य ऐकू आलं. पाच नंबर ना? कुणाचं वाक्य होतं ते? ज्या वाक्यावर त्यांनी उभा जन्म दातओठ खाल्ले, तेच वाक्य, त्यांच्याच तोंडून, त्याच ठसक्यात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यांनी तोंड मिटलं.

त्या वच्छलाबाईजवळ जाऊन खाली वाकल्या. "मावशी, नाव सांगू नका. उखाणा घ्या."

"हितं?" वच्छलाबाई लाजून लाल झाली. "संक्रांतीचा व्हय?"

"हो, संक्रांतीचाच समजा. घ्या लवकर."

जेवणाच्या गाडीवरची बाई थांबली. शेजारचे दोन पेशंट कोपरावर उठले. वच्छलाबाईनं पदर सावरला, घसा खाकरला आणि म्हणाली,

"जवारीच्या कणसात दाणं न्हवं, मोती,
कोंडीबारावांचं नाव घेते, सिस्टरबाई सुई घिऊन हाती."

कुणीतरी टाळी वाजवली. मॅडमनी कागदावरचं नाव वाचलं. त्यांनी खाटेच्या दांड्याला धरलं.

"कोण?" त्या म्हणाल्या. "कोण म्हणालात?"

"आता दोनदा कशापायी घ्यायला लावताय बाई," वच्छलाबाई म्हणाली.

खाली मिरवणूक आली होती. नऊ नंबरच्या खिडकीतून वीरभद्रप्पा कोरड पडलेल्या घशानं ओरडत होते, "हर्र बोला हर्र!" त्यांचे दोन्ही मुलगे त्यांना काखेत धरून उभे होते. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि गप्प उभ्या राहून नाव विचारलं. म्हाताऱ्यानं स्वतःचं, बापाचं, आज्याचं आणि कोणत्या साली कोणती काठी धरली त्याचं सगळं सांगितलं. इन्सुलिन तिथं दिलं गेलं, खिडकीपाशीच्या त्या खाटेवर. उपाशी कोंडीबांच्या अंगात ते गेलं असतं, तर साखर एकदम उतरून झापडीत असलेला माणूस झापडीतच गेला असता, आणि सगळ्यांना वाटलं असतं, झोपलाय बिचारा. म्हेत्रे सिस्टर स्टुलावर बसल्या, त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

आता या गोष्टीचा शेवट कुठल्याही शहाण्या जागी गोड झाला असता. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं ते रेश्माला. शिवानंदनं तक्रार केली होती की वडिलांचं इंजेक्शन उशिरा दिलं आणि त्यांचं जेवण गार झालं. ज्यानं खाटा बदलल्या त्यानंच! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

"डोस लेट झाला हे खरं ना?" साहेब म्हणाले. "मुलीचा खुलासा घ्या. घरच्यांना बोलवून घ्या एकदा. वचक राहतो."

रेश्मा दाराशी उभी होती. 'घरच्यांना' हा शब्द ऐकून तिनं भिंतीला टेकलेल्या हाताची मूठ वळली.

"खुलासा माझा घ्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "मी कागद बघून दे म्हणाले, माणूस न बघता. मी! सुई घेऊन ती उभी होती. तिनं माझं ऐकलं असतं, तर आज तुमच्यासमोर ती नाही, पोलीस उभे असते. माझ्या विद्यार्थिनीनं माझं ऐकलं नाही, म्हणून माणूस जिवंत आहे. घरच्यांना बोलवायचं तर माझ्या बोलवा. शुक्रवार पेठेत राहतात, चालत येतील."

साहेबांनी चहा मागवला. विषय वाढवू नका म्हणाले. रेश्माच्या घरी कुणी फोन केला नाही, एवढं मात्र झालं. आणि दवाखान्यानं या प्रकाराची गंभीर दखल घेतली. ती अशी, की तिसऱ्या दिवशी रंगारी आला आणि प्रत्येक खाटेच्या डोक्यावर भिंतीवर हातभर उंचीचे लाल नंबर रंगवून गेला. लांबून दिसावेत म्हणून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मॅडम त्या ओल्या पाचाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांना रडावं की त्याच रंगाचा डबा कुणाच्या डोक्यात घालावा हे कळेना. म्हेत्रे सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, पट्ट्यांच्या अर्जावर माझी पण सही घ्या या वेळी," म्हणाल्या आणि निघून गेल्या. अर्ज पुढच्या बजेटला बघणार आहेत.

सोमवारी वर्ग भरला. मॅडम आत आल्या आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच मुलींनी सूर लावला. राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस. मॅडमनी हात वर करून थांबवलं आणि यण्णीमज्जनाच्या दिवशी काय झालं ते सगळं सांगितलं. स्वतः काय म्हणाल्या तेही, लपवलं काही नाही. मुली डोळे मोठे करून ऐकत होत्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कळलं?" मॅडमनी विचारलं.

"होऽ मॅडम!"

"नाव कळल्याशिवाय सुई लावायची?"

"नाऽही मॅडम!"

मॅडमना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि सहज, जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, "आणि मी समोर उभी आहे, घाईत आहे, आणि म्हणाले, दे. तर?"

"द्यायचं, मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

खिडकीशी बसलेली रेश्मा तेवढी काही बोलली नाही. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग वर्गाकडे बघितलं. कपाळावर हात मारायलाही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. त्यांनी डस्टर उचललं, फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसून काढला आणि वरच्या ओळीत पुन्हा लिहिलं, तुमचं नाव काय?